फॉरमॅट मारण्याआधी

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचारणाऱ्या मोजक्या मंडळींना (म्हणजे ठाण्याची मावशी आणि दोन ब्लॉगर मित्र) मी 'कॉम्प्युटर बिघडलाय' असं सांगून वेळ मारून नेत होतो. माझी त्यावर मनापासून श्रद्धाही होती. कॉम्प्युटर बिघडलेलाच नव्हता, हे कळायला अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत मी घरातल्या दोन माणसांशी जसा वागलो, ते लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही लिहिणं होईना. म्हणून हा लेख.

कॉम्प्युटर माझा नाही, चिरंजीवांचा. दहावी झाल्यावर त्याने एकेक भाग मागवून जेवणाच्या टेबलावर स्वतः जोडला. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. तो फक्त गेम खेळायला जोडलाय हे लक्षात आल्यावर कौतुक जरा ओसरलं. नंतर एका दिवाळीत मामाने दिलेले पैसे आणि स्वतःचे साठवलेले मिळून त्याने मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं. साहेब बारावीत. आमची मतं काय असतील ते तुम्हीच ओळखा.

आणि दिवाळीनंतर आठवड्याभरात पीसी पडायला लागला.

पडायचा तो दोन तऱ्हांनी. कधी ती सुप्रसिद्ध निळी स्क्रीन यायची. (आता मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये ती काळी केली म्हणे. सुतकाला शोभेल असा रंग निदान आला.) आणि कधी काहीच नाही. निळी नाही, काळी नाही, निरोप नाही. खेळता खेळता खट् होऊन सगळं बंद, आणि दोन क्षणांनी आपोआप पुन्हा चालू. मग आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अरे यार!" हा आवाज संध्याकाळी दिवेलागणीला हमखास. शेजारच्यांनाही पाठ झाला होता.

माझा निकाल तयार होता. अभ्यास करताना पडत नाही, गाणी ऐकताना पडत नाही, मी बँकेचं काम करतो तेव्हा पडत नाही. गेम लावला की पडतो. मग दोष कुणाचा? गेमचा. आणि गेम लावणाऱ्याचा. यात न पटण्यासारखं काही आहे का? मलाही तेव्हा दिसलं नाही.

मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. पीसी रिक्षात घालून दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटं बघून सांगितलं, "फॉरमॅट मारून टाकू." मी "मारा" म्हणालो. "बॅकअप पाहिजे काय?" असं त्याने विचारलं असावं. मी घाईत होतो. नानांच्या पंच्याहत्तरीचे फोटो डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होते, हे मला घरी आल्यावर आठवलं. चूक दुकानाची नाही, माझीच. (नातेवाईक मंडळी, त्या दिवसाचे फोटो ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये असतील त्यांनी कृपा करून पाठवा. विशेषतः नाना आणि अण्णा आत्तेभाऊ शेजारी बसलेत तो.)

दुकानात पीसी रात्रंदिवस चालू ठेवला. गेम लावूनही बघितला. एकदाही पडला नाही. घरी आणला, संध्याकाळ झाली, खट्. "अरे यार!"

आता इथे थांबून विचार करा. यंत्र तेच, गेम तोच. दुकानात चालतो, घरी पडतो. म्हणजे काहीतरी घरात आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळावं. मलाही कळलं. फक्त 'घरात आहे' याचा अर्थ मी 'माझ्या पोरात आहे' असा काढला. काहीतरी डाउनलोड करत असणार, काहीतरी उचकत असणार. मी कीबोर्ड आणि माउस काढून कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात घातली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

या 'फॉरमॅट मारा' विषयी माझं मत आता सांगून टाकतो. हा शब्दप्रयोग आपल्या घरांतून हद्दपार व्हायला पाहिजे. कधी कधी फॉरमॅट करावाच लागतो, नाही असं नाही. पण पहिल्याच भेटीत फॉरमॅट म्हणजे चोरी झाल्यावर पंचनाम्याच्या आधी सगळं घर धुऊन काढणं. निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोज बहुतेक वेळा मिनिडंप नावाची एक छोटी फाइल लिहून ठेवते. कुठल्या क्षणी, कुठला ड्रायव्हर काम करत असताना पडलो, याची ती नोंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तारीख-वेळेसकट सगळा रोजनामा असतो. मशीन बिचारं पडता पडता लिहून ठेवतं आणि आपण ते न वाचता पुसतो. वर 'आता बघू परत येतो का' म्हणून हात झटकतो. प्रश्न जातो की नाही ते नशिबावर, पुरावा मात्र नक्की जातो.

कपाटाची किल्ली मी चार दिवसांनी परत दिली. ती बायकोच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, "एकतर मशीन विकून टाका, नाहीतर दोघं मिळून नीट शोधा. हे मधलंच काय?" मग आम्ही दोघं बसलो.

पहिला धागा निळ्या स्क्रीनचा. ती सोपी निघाली. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून रात्रभर रॅम तपासली. एका कांडीवर सकाळपर्यंत लालभडक चुकांची रांग लागली होती. कांडी काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या पुसल्या, परत बसवली, पुन्हा रात्रभर तपासली. चूक शून्य.

यात रत्नागिरीचा हात आहे, तो सांगायला हवा. आमचं घर थिबा पॅलेसच्या बाजूच्या सड्यावर. भाट्याच्या खाडीवरून येणारा वारा थेट घरात. लोक सुट्टीत येऊन छाती भरून घेतात तोच वारा. त्यात मीठ असतं. खिडक्यांचे गज, सायकलची चेन, दरवाज्याच्या बिजागऱ्या, सगळ्याला दोन पावसाळ्यांत गंज धरतो. आणि इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने कपाटातल्या कपड्यांनाही ओल येते. मग कॉम्प्युटरने काय पाप केलंय? रॅमच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही, हे खरं. पण तो मुलामा अगदी पातळ, आणि त्यावर व समोरच्या स्लॉटमध्ये खारट दमट हवेचा थर बसतो तो बसतोच. मग एखाद्या पट्टीचा संपर्क अर्धवट होतो आणि आठवणीत ठेवलेलं भलतंच वाचलं जातं. आपल्याकडे यावर खोडरबर घासतात. काम होतं, पण खोडरबराने मुलामाही झिजतो आणि त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते मऊ कापडाला लावून पुसणं बरं. हे मला चिरंजीवांनी शिकवलं. मी खोडरबर घेऊन तयारच होतो.

निळी स्क्रीन गेली ती गेलीच. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी. आठ दिवसांनी संध्याकाळी खट्.

म्हणजे बिघाड दोन होते. एकाने दुसऱ्याला झाकलं होतं. एकाच रोग्याला सर्दीही असते आणि हिवतापही, तसं. पहिल्याचा उपाय लागू पडला की आपण दुसऱ्यालाही बरं झालेलं समजतो.

आता हा दुसरा. इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर दर वेळी एकच ओळ. कर्नल-पॉवर, इव्हेंट नंबर ४१. नेटवर या एकेचाळीस नंबरावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. कुणी म्हणतं ड्रायव्हर, कुणी म्हणतं एसएमपीएस, कुणी म्हणतं बायोस. प्रत्यक्षात त्या ओळीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. ती पडताना लिहिलेली ओळ नव्हे, परत उठल्यावर लिहिलेली. 'मी शुद्धीवर आलो, मध्ये काय झालं मला माहीत नाही' एवढंच ती सांगते. यातही एक धागा होताच. निळी स्क्रीन नाही, मिनिडंप नाही, म्हणजे विंडोजला लिहायलाही वेळ मिळाला नाही. पायाखालची फळीच कुणीतरी काढून घेतली.

पण तेव्हा एवढं शांतपणे कोण वाचतो? मी एका रविवारी कंबर कसली आणि एका दमात पाच गोष्टी केल्या. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलला, बायोस अपडेट केलं, पंखे साफ केले, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली आणि जुना यूपीएस काढून टाकला. (तो ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. नवं कार्ड आल्यापासून केकाटायचाच.) दोन दिवस पीसी पडला नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा पडला. कशाने सुधारला होता, कशाने बिघडला, काही सांगता येईना. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एका वेळी एकच बदलायचं ना. प्रॅक्टिकलमध्ये दोन व्हेरिएबल एकदम बदलले तर मॅडम जर्नल फेकून देतात."

हे वाक्य मला लागलं. कारण आम्ही आमच्या काळात जर्नल कसं लिहायचो ते मला माहीत होतं. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल आणायचं, उत्तर किती यायला पाहिजे ते बघायचं, आणि त्याप्रमाणे रीडिंग भरायची. आत्ताही मी तेच करत होतो. उत्तर 'गेम' असं ठरलेलं होतं, मी फक्त रीडिंग भरत होतो.

त्याने एक वही केली. तारीख, वेळ, काय चालू होतं, प्रोसेसरचं तापमान, कार्डचं तापमान, खोलीत आणखी काय चालू होतं. एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर निदान तीन दिवस काही बदलायचं नाही. मित्राकडून एसएमपीएस आणून लावला, तरी पडला. म्हणजे एसएमपीएस नाही. जुनं कार्ड लावलं, तर पडायचं प्रमाण खूप कमी. मी लगेच "बघ, कार्डच!" म्हणालो. तो म्हणाला, "कमी झालं बाबा, थांबलं नाही." तापमान दर वेळी मर्यादेत. म्हणजे गरम होऊन पडत नाही.

कॉम्प्युटरच्या जगातली बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध वहीही अशीच आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. 'बग' हा शब्द त्याच्याही आधीपासून वापरात होता, पण तो पतंग अजर झाला. लोकांना पतंग आठवतो, मला आता ती वही महत्त्वाची वाटते. वेळ लिहिली होती, म्हणून तो पतंग पुरावा झाला.

आणि 'जिथे पडतं तिथेच बिघाड असतो' हा माझा समज किती लोकांचा असतो, त्याचं मोठं उदाहरण २०२३-२४ मध्ये जगभर झालं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर असलेल्या लोकांचे गेम पडायला लागले. स्क्रीनवर निरोप यायचा, की ग्राफिक्सची मेमरी संपली. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डाला धारेवर धरलं, गेम बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. शेवटी दोष निघाला प्रोसेसरचा. त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून तो आतून हळूहळू खराब होत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती आणली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांचा प्रोसेसर आधीच खराब झाला होता त्यांना मात्र तो बदलूनच घ्यावा लागला. म्हणजे कित्येक महिने खेळणारी पोरं खरं सांगत होती, आणि घरोघरी त्यांना 'तूच काहीतरी केलं असशील' हेच ऐकावं लागलं असणार.

सगळ्यांचं एकदम पडलं की शोध लवकर लागतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकदम निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी कुणी काउंटरवरच्या मुलीला 'तूच गेम खेळत असशील' म्हणालं नाही. कारण काही तासांत सापडलं. पण सड्यावरच्या एका घरात एकट्याचंच मशीन पडत असेल तर त्याच्या बाजूने कोण बोलणार?

आमच्याकडे बोलणारी एक होती. आई.

एका संध्याकाळी चिरंजीव वही घेऊन स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. वेळा वाचत होता. सहा पन्नास, सात पाच, सहा पंचेचाळीस, सात. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अरे, मी पंप लावला की तू ओरडतोस. हे मी तुझ्या बाबाला दिवाळीनंतरच सांगितलं होतं."

आणि खरंच सांगितलं होतं. मला आठवलं. मी हसून म्हणालो होतो, "आई, विहिरीच्या पंपाचा आणि कॉम्प्युटरच्या गेमचा काय संबंध?"

संबंध असा. पंप लावला की आमच्या घरातले दिवे मिचकतात. कायम मिचकतात. पाहुण्यांनी विचारलं तर आम्ही 'इथली लाइटच तशी' म्हणून सांगायचो. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की तो दोष आहे हेच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रयोग केला. गेम चालू ठेवून सात वेळा पंप लावला. पाच वेळा पीसी पडला. मग गेम बंद, नुसतं डेस्कटॉप, सात वेळा पंप. एकदाही नाही. "एकदाच करून बघितलं असतं तर योगायोग म्हणाला असतात," हे वर ऐकवलं.

मग गेममध्येच का पडतो? हा माझा हुकमी सवाल होता, त्याचंही उत्तर मिळालं. पंपाची मोटर चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वाटेत कुठे सैल जोड असेल तर तिथे व्होल्टेज पडतं, ठिणगी पडून क्षणभर पुरवठा तुटतोसुद्धा. हा क्षण इतका बारीक की साधा मीटर टिपू शकत नाही, दिवे टिपतात. आता एसएमपीएसमध्ये एक मोठा कॅपॅसिटर असतो, पाण्याच्या टाकीसारखा. पुरवठा तुटला तरी त्या साठ्यावर तो थोडा वेळ तग धरतो. किती? पूर्ण लोडवर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद. आपल्या विजेचं एक आवर्तनच वीस मिलिसेकंदांचं. मी बँकेचं काम करतो तेव्हा पीसी साठ-सत्तर वॅट घेतो, टाकीतलं पाणी हळू संपतं, तेवढ्यात वीज परत येते. नवं कार्ड लावून गेम खेळताना तोच पीसी तीन-साडेतीनशे वॅट ओढतो आणि टाकी वेळेआधीच रिकामी होते. जुन्या कार्डावर कमी पडायचा तो याचमुळे. दुकानात कधीच पडला नाही, कारण दुकानात आमची विहीर नव्हती.

गेम गुन्हेगार नव्हता. गेमने गुन्हा उघडकीला आणला होता.

वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मेन स्विच उघडला आणि नुसतं "हं" म्हणाले. न्यूट्रलचा जोड हिरवा-काळा पडून सैल झाला होता, शेजारचं इन्सुलेशन करपलं होतं. खाऱ्या हवेने वर्षानुवर्षं खाल्लेला जोड. 'इथली लाइटच तशी' वगैरे काही नाही. दोष आमच्याच भिंतीत, आमच्याच मेन स्विचमध्ये.

जोड बदलून झाल्यावर ते निघणार, एवढ्यात आई म्हणाली, "आलाच आहात तर तो फ्रीज बघा. हात लावला की मुंग्या येतात."

ही तक्रारही आमच्या घरात जुनीच होती. मी तिला रबरी चपला आणून दिल्या होत्या आणि 'बी ट्वेल्व कमी असेल, तपासून घे' म्हणून सांगितलं होतं.

काकांनी टेस्टर लावला, फ्रीजच्या अंगावर मंद दिवा लागला. मग टेस्ट लॅम्प काढला, एक टोक फेजला आणि दुसरं थ्री-पिनच्या अर्थिंगला. दिवा लागायला हवा. लागला नाही. दुसऱ्या खोलीत, तिसऱ्या खोलीत, कुठेच नाही. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता तिथे जाऊन उकरलं. वायर मातीत गंजून तुटून पडली होती. कधीपासून, देव जाणे. सगळ्या घराला अर्थिंगच नव्हतं.

मुंग्यांचा उगमही मग कळला. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळायला छोटे कॅपॅसिटर असतात, ते किंचित करंट अर्थिंगच्या वायरीत सोडतात. अर्थिंग धड असेल तर तो निमूटपणे जमिनीत जातो. आमच्याकडे जमिनीकडची वाटच तुटलेली. घरातल्या सगळ्या थ्री-पिनची अर्थिंगची वायर आतून एकच, म्हणून तो करंट फिरून फ्रीजच्या अंगावर आणि तिथून शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या आईच्या हातात. पोरगा पीसी लावायचा तेव्हाच तिला मुंग्या यायच्या. "रात्री मुंग्या येतात, सकाळी नाही," हे ती सांगायची, आणि मला वाटायचं वयामुळे होत असेल.

त्या मुंग्यांनी कुणी दगावत नाही, तो करंट अगदी थोडा असतो. पण काका हातपाय धुता धुता जे म्हणाले ते मी विसरू शकत नाही. उद्या वॉशिंग मशीनच्या किंवा गीझरच्या आतली एक वायर जरी आतून अंगाला टेकली असती, तर पूर्ण दोनशे तीस व्होल्ट घरातल्या प्रत्येक थ्री-पिनच्या यंत्राच्या अंगावर आले असते. फ्यूज उडाला नसता, कारण जमिनीकडे वाटच नाही. ती वाट मग फ्रीज उघडणाऱ्या माणसातून गेली असती. आमच्याकडे फ्रीज सगळ्यात जास्त कोण उघडतं, ते सांगायला नको.

सड्यावर अर्थिंग ही मुळातच कठीण गोष्ट. वर वीतभर माती, खाली जांभा, आणि जांभ्यात पाणी ठरत नाही. पावसाळा संपला की जमीन खडखडीत, आणि कोरड्या जमिनीत वीज जिरत नाही. म्हणून खड्डा खोल घ्यावा लागतो, त्यात कोळसा आणि मीठ घालतात, उन्हाळ्यात वरून पाणी घालतात. मला गंमत वाटली. हवेतल्या मिठाने आमचे जोड खाल्ले, आणि खड्ड्यात पोतंभर मीठ आम्हीच विकत आणून घातलं. सोबत तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट भलत्या वाटेने जायला लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. मात्र आरसीसीबी लावला म्हणून अर्थिंग नको, असं नाही. दोन्ही पाहिजेत.

त्या संध्याकाळी पुन्हा प्रयोग. गेम चालू, दहा वेळा पंप. एकदाही नाही पडला. दिवेसुद्धा मिचकले नाहीत. आईने फ्रीजला हात लावला, मग तळवा लावला, मग म्हणाली, "गेल्या."

आता माझ्या मताचं बोलतो. काही नातेवाईक म्हणतील, सगळं ठीक, पण बारावीच्या वर्षाला गेम म्हणजे वेळ फुकटच ना? असेल. त्याच्या तासांवरून आमचं अजूनही वाजतं आणि वाजत राहील. पण 'तो किती खेळतो' आणि 'तो खोटं बोलतोय का' हे दोन वेगळे प्रश्न होते. मला पहिल्याचा राग होता, म्हणून मी दुसऱ्याचा निकाल त्याच्या विरुद्ध लावला. आईच्या बाबतीत तर रागही नव्हता. तिला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, एवढंच होतं. दोघंही पहिल्या आठवड्यापासून खरं सांगत होती. एकाला मी व्रात्य ठरवलं, दुसरीला म्हातारी. मशीनचा रोजनामा मी फॉरमॅट करून पुसला आणि माणसांचा न वाचताच मिटवला.

मी चिरंजीवांची माफी मागितली. फार काही नाटक झालं नाही. तो हेडफोन काढून "ठीक आहे बाबा" म्हणाला आणि परत घातला. आईची मागायला गेलो तर तिने, "आता तरी तुझ्या गुडघ्याचं मी सांगते ते ऐक," म्हणून मलाच धरलं.

तर वाचकहो, विशेषतः कोकणात आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनो, एवढं करा. पीसी पडला तर आधी वही करा, वेळा लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, तोही फोटो दुसरीकडे ठेवून. दिवे मिचकत असतील तर त्याची सवय करून घेऊ नका. मेन स्विच आणि अर्थिंग स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा, पण वर्षातून एकदा बोलवा. आणि घरात कुणी 'मुंग्या येतात' म्हणालं तर आधी फ्रीजला टेस्टर लावा, मग बी ट्वेल्वचं बघू.

परवा वॉशिंग मशीन मध्येच थांबलं. मी तावातावाने आतल्या खोलीकडे निघालो होतो. चिरंजीव खुर्चीतूनच म्हणाले, "बाबा, आधी आजीला विचारा."

विचारलं. मशीनचा नळ तिनेच बंद केला होता.